एक घर कमी

१

गेल्या उन्हाळ्यात, वाईच्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत, ऊन अंगणातून सरकत जोत्याच्या पायरीपाशी येऊन थांबले असताना आणि घरातील वडीलधारी माणसे जेवणानंतर कलंडली असताना, माझी सहा वर्षांची नात व शेजारची तीन मुले एका टॅबवर डोक्याला डोके लावून बसली होती. आणि आयुष्याची चौतीस वर्षे शाळेत गणित शिकविण्यात घालविलेला मी, हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवून, त्यांच्याकडे कुतूहलाने पाहत होतो. नातीने बोटाने पडद्यावर एक तुळशीवृंदावन रंगविले होते. ते एका अंगाला कलले होते, आणि तुळशीची पाने वृंदावनाहून मोठी झाली होती. पण ते सर्वस्वी तिचे होते. वृंदावनाच्या डाव्या अंगाला, खालच्या कोपऱ्याशी, एक मांजर उभे होते, आणि त्या मांजराने तुळशीला चार प्रदक्षिणा घालाव्यात, असा त्या चौघांचा संकल्प होता.

संकल्प आणि सिद्धी यांच्यामध्ये रंगीत ठोकळ्यांची एक ओळ होती. त्या ठोकळ्यांवर अक्षरे नव्हती, चित्रे होती. निळ्या ठोकळ्यांवर चार दिशांचे बाण, आणि प्रत्येक बाणाखाली मांजराने किती घरे चालावे याचा आकडा. 'वर पाच', 'उजवीकडे सहा', 'खाली चार', 'डावीकडे सहा' असे चार ठोकळे नातीने एकापुढे एक जोडले, ती सारी माळ नारिंगी रंगाच्या पुनरावृत्तीच्या ठोकळ्याच्या पोटात बसविली, तेथे चारचा आकडा ठेवला, ओळीच्या आरंभी हिरव्या झेंड्याचा पिवळा ठोकळा लावला, आणि झेंड्यावर बोट टेकताच मांजर निघाले. ते वर गेले, उजवीकडे गेले, खाली आले, डावीकडे वळले; परंतु फेरी पुरी झाल्यावर जेथून निघाले तेथे न येता एक घर वर येऊन उभे राहिले. दुसऱ्या फेरीअखेर ते दोन घरे वर होते, तिसऱ्या फेरीअखेर तीन. आणि चौथी प्रदक्षिणा संपली तेव्हा वृंदावनाच्या पायथ्याशी नम्रपणे उभे असावयाचे ते मांजर मूळ जागेपासून चार घरे वर हवेत लोंबत होते.

"आजोबा, मांजर वर वर चाललंय!" नात म्हणाली.

मला चूक तत्काळ दिसली. चौतीस वर्षांच्या शिरस्त्याप्रमाणे माझे बोट त्या चारच्या आकड्याकडे निघालेही होते. पण कसे कोण जाणे, मी ते आवरले. मुलांत वाद सुरू झाला. एकीचे म्हणणे, मांजरच नीट चालत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, वृंदावन हलले असावे. तेवढ्यात शेजारचा आठ वर्षांचा मुलगा उठला, "थांबा, मीच मांजर होतो," म्हणाला आणि उन्हाने तापलेल्या अंगणात अनवाणी उतरला. आमच्या अंगणाला शहाबादी फरशी आहे. एक फरशी म्हणजे एक घर, असे क्षणार्धात ठरले. नात पायरीवर बसून ठोकळे वाचू लागली आणि तो त्या हुकमांची तामिली करू लागला. पाच फरश्या पुढे, सहा उजवीकडे, चार मागे, सहा डावीकडे. शेवटच्या पावलावर तो थबकला, मागे वळून पाहिले आणि ओरडला, "अगं, मी निघालो ती फरशी तर मागंच राहिली!"

नातीने टॅबकडे पाहिले, फरशीकडे पाहिले, बोटांवर काहीतरी मोजले. "खाली एक घर कमी पडलंय," ती सावकाश म्हणाली, मग चाराचे पाच केले, आणि मांजर वृंदावनाच्या पायथ्याशी परत आले तेव्हा चौघेही एका सुरात ओरडली, "सापडलं!"

त्या एका शब्दाने मी दिवसभर अस्वस्थ झालो. माझ्या वर्गात, माझ्या हयातीत, गणित अडले की मुले खाली मान घालून 'चुकलं' म्हणत. आणि ते म्हणण्याआधी माझ्या लाल शाईने ते त्यांच्या वहीत लिहून ठेवलेले असे. येथे तीच चूक, तोच हिशेब. पण शब्द निराळा होता. हा फरक कोठून आला, याचा शोध घेणे मला अगत्याचे वाटले, आणि गेले काही महिने मी त्याच विषयाच्या वाचनात घालविले.

२

'मीच मांजर होतो' असे म्हणून अंगणात उतरलेल्या त्या मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते की, त्याच युक्तीवर एका गणितज्ञाने आपले सारे शिक्षणशास्त्र उभारले आहे. सीमोर पेपर्ट यांचा जन्म १९२८ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे झाला. लहानपणी त्यांना मोटारीच्या दंतचक्रांचे विलक्षण वेड होते. एक चक्र फिरले की दुसरे किती फिरेल, याची चित्रे ते मनात फिरवीत बसत, आणि पुढे शाळेत पाढे व समीकरणे आली तेव्हा ती त्यांना या परिचित चक्रांच्याच रूपाने भेटली. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांनी ही हकीकत सांगितली आहे, आणि तिचे तात्पर्य म्हणून जे नोंदविले आहे ते कोणाही शिक्षकाने मनावर कोरून ठेवावे असे आहे: ती चक्रे आपल्याला समजली, कारण आपले त्यांच्यावर प्रेम जडले होते.

पुढे जिनीव्हा येथे झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या सहवासात पेपर्ट यांनी काही वर्षे काढली, आणि मूल हे भरावयाचे रिकामे भांडे नसून आपल्या ज्ञानाची इमारत स्वतः रचणारा गवंडी आहे, हा पियाजेंचा सिद्धान्त घेऊन ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत आले. १९६७ साली वॉली फोर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि पेपर्ट यांनी, केंब्रिज शहरातील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या संशोधनसंस्थेत, मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा सिद्ध केली. ज्या काळात संगणक म्हणजे खोली व्यापणारे, सरकारी दप्तरे आणि विद्यापीठे यांनाच परवडणारे यंत्र होते, त्या काळात ते शाळकरी मुलांच्या हाती द्यावे हा विचारच धाडसाचा होता. १९६८-६९ मध्ये लेक्सिंग्टन गावातील मझी विद्यालयातील सातवीच्या मुलांनी या भाषेत कामे केली. तेव्हा ती शब्दांची आणि वाक्यांची भाषा होती.

कासव थोडे मागाहून आले. ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस प्रकाशाकडे आपोआप सरकणारी यांत्रिक कासवे केली होती. त्यांच्यावरूनच लोगोच्या यंत्राला कासव हे नाव पडले. हे कासव जमिनीवर चाले आणि त्याच्या पोटाशी लावलेली लेखणी मागे रेघ ओढीत जाई. पुढे ते पडद्यावरचे एक त्रिकोणी चिन्ह झाले. 'पुढे शंभर, उजवीकडे नव्वद' ही जोडी चार वेळा सांगितली की चौरस पुरा होतो. चौरसाऐवजी त्रिकोण काढावयाचा असेल तर किती वळावे, असे मुलाने विचारले, तर पेपर्ट यांचे उत्तर ठरलेले असे: तूच कासव हो, चालून पाहा. आणि चालून पाहिले की मुलाच्या पायांना एक गोष्ट कळते, जी मी फळ्यावर प्रमेय म्हणून मांडीत असे: कोणत्याही साध्या बंदिस्त वाटेने फिरून, मूळच्या जागी, मूळच्या दिशेला तोंड करून परत आलो, की एकूण वळण ३६० अंश भरते. तुळशीच्या प्रदक्षिणेतही तेच आहे आणि वडाच्या फेऱ्यातही तेच आहे. आपल्या देहाला जे ठाऊक आहे तेथून गणिताला आरंभ करावयाचा, हा त्यातील मर्माचा भाग.

३

परंतु लोगोत आज्ञा टंकून लिहावी लागे. ज्याला अजून 'क' गिरवावा लागतो त्याने काय करावे? या प्रश्नाचे पहिले उत्तर, १९७०च्या दशकाच्या मध्यास, एमआयटीतील राडिया पर्लमन या तरुण विद्यार्थिनीने दिले. संगणकजालांच्या रचनेत ज्यांचे कार्य आज पायाभूत मानले जाते त्याच या पर्लमनबाई. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी प्रथम आज्ञांची बटणे असलेली एक पेटी केली, आणि नंतर असे एक यंत्र केले की त्याच्या रंगीत फळ्यांना खाचा होत्या आणि खाचांत चित्रांचे पत्ते खोवावयाचे होते. फळीच्या टोकाचे बटण दाबले की पत्ते ओळीने वाचले जात, चालू असलेल्या आज्ञेपाशी दिवा लागे, आणि जमिनीवरचे कासव त्याबरहुकूम चाले. म्हणजे आज्ञा हाताने उचलता येणारी वस्तू झाली. तिचा क्रम डोळ्यांना दिसू लागला.

तिथून आजच्या ठोकळ्यापर्यंतचा प्रवास संथ आहे. १९९६ साली एमआयटीतच अँड्र्यू बेगेल या विद्यार्थ्याने 'लोगोब्लॉक्स' ही पडद्यावरच्या ठोकळ्यांची भाषा केली. आणि २००७ साली मिचेल रेझनिक यांच्या 'लाइफलाँग किंडरगार्टन' या गटाने 'स्क्रॅच' जगापुढे विनामूल्य ठेवली. आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी केलेली ही भाषा आज सत्तरांहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. तिचे नाव ध्वनिमुद्रिका हाताने मागे-पुढे फिरवून नवे संगीत रचणाऱ्या कलावंतांच्या क्रियेवरून घेतले आहे. असलेले तुकडे घ्यावेत, जोडावेत, मोडावेत आणि नवे करावे, हा त्यातील आशय. पुढे मरीना उमाशी बर्स यांचा टफ्ट्‌स विद्यापीठातील गट, रेझनिक यांचा गट आणि 'प्लेफुल इन्व्हेन्शन' ही कंपनी यांनी मिळून २०१४ साली पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 'स्क्रॅच ज्युनिअर' केले. माझ्या नातीच्या हाती होते ते हेच. स्क्रॅचमधील ठोकळे वरून खाली रचले जातात. येथे ते डावीकडून उजवीकडे जातात, कारण नुकते वाचू लागलेल्या मुलाची नजर त्याच दिशेने चालावयास शिकत असते.

रेझनिक यांनी आपल्या गटाला बालवाडीचे नाव का दिले, हे ठोकळ्याच्या कुळाकडे पाहिले म्हणजे उमगते. जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे आपली बालशाळा उघडली, १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले, आणि मुलांच्या हाती लाकडी गोल, घन व विटा दिल्या. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले, तेव्हा त्यांनी साहित्यात आणखी एक गुण घातला. आपल्या बालवाड्यांतून पूर्वी दट्ट्यांची पेटी असे. एका लाकडी ठोकळ्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे लहान-मोठे दहा दट्टे. जाड दट्टा अरुंद खळग्यात शिरतच नाही, आणि बारीक दट्टा रुंद खळग्यात बसविला तर शेवटी एक दट्टा उरतो. चूक दाखविण्याचे काम लाकूडच करते. बाईंना बोलावे लागत नाही, आणि म्हणून मुलाला लाजावे लागत नाही.

पडद्यावरचा ठोकळा हा त्या दट्ट्याचा पणतू होय. स्क्रॅचमध्ये आकड्याची जागा गोलसर, खऱ्या-खोट्याची जागा षट्कोनी. जे जुळण्यासारखे नाही ते चिकटतच नाही. टंकलिखित भाषेत एक कंस राहिला तरी यंत्र हटून बसते, आणि ज्या मुलाचा विचार निर्दोष होता त्यालाही अपराध्यासारखे उभे राहावे लागते. ठोकळ्यांनी लेखनाची ही कसूर नाहीशी केली. परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे सार त्यातच आहे. दट्टा चुकीच्या खळग्यात बसत नाही. नातीचा 'खाली चार' हा ठोकळा मात्र ओळीत बिनतक्रार बसला होता. यंत्राने तो हुकूम तंतोतंत पाळला. तिला मनात काय हवे होते याची त्याने पर्वा केली नाही, आणि रागही धरला नाही. लेखनातील चुका गेल्या म्हणजे विचारातील चूक एकटीच उरते, आणि ती मांजराच्या पावलांनी सर्वांसमोर चालून दाखविली जाते. जी चूक अशी बाहेर उभी राहून चालते, ती मुलाच्या शीलाचा डाग राहत नाही. ती पाहण्याची, मोजण्याची, हात घालून दुरुस्त करण्याची वस्तू होते. 'चुकलं' या शब्दाचे 'सापडलं' होते ते येथे.

४

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये रुजले. माँटेसरींचे साहित्य महाग होते. ताराबाईंनी त्याचे मर्म ठेवले आणि लाकूड सोडले. बिया, शिंपले, पाने, खडे यांतून मोजणे, लावणे, जुळविणे शिकविता येते, हे त्यांनी करून दाखविले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर जावे, म्हणून कुरणशाळा.

कोसबाडचा हा धडा घेतला तर 'गावच्या शाळेत टॅब कोठून आणावे' ही चिंता निम्मी होते. बर्स यांच्या संशोधनातून निघालेले 'किबो' हे खेळण्यातले यंत्र पडदाच वापरीत नाही. त्याच्या आज्ञा लाकडी ठोकळ्यांवर असतात. आणि तेही नसले तरी पुठ्ठ्यावर बाण काढावेत, खडूने अंगणात घरे आखावीत, एका मुलाने मांजर व्हावे, दुसऱ्याने बाण मांडावेत आणि तिसऱ्याने ते वाचावेत; आमच्या फरशीवर त्या दुपारी जे घडले त्यातील शोधाचा क्षण टॅबवर आलाच नव्हता, तो उन्हात, अनवाणी पायांना आला होता. क्रम, पुनरावृत्ती, 'असे झाले तर तसे कर' ही अट, या तिन्ही गोष्टी लेझमीच्या हातांत आणि ठिपक्यांच्या रांगोळीत आपल्या मुलांना आधीच भेटलेल्या असतात. त्यांना नाव देणे आणि त्या दुसऱ्याला बिनचूक सांगावयास लावणे, एवढेच शिक्षकाचे काम उरते.

५

येथे अतिउत्साहाला आवर घालणे मला कर्तव्य वाटते. महामारीच्या टाळेबंदीत, घरोघर मुले पडद्यासमोर बसली असताना, सहा वर्षांच्या मुलाला आज कोडिंग शिकविले नाही तर त्याचे भवितव्य अंधारात जाईल, अशा धाकाच्या जाहिराती आईबापांनी पाहिल्या, आणि कित्येकांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे भरले. धाक दाखवून शिकविलेल्या कशावरही मुलाचे प्रेम जडत नाही, आणि पेपर्ट यांच्या चक्रांत जर काही होते तर ते प्रेमच होते. आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगची तरतूद आहे ती माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावीपासून. त्याआधीच्या वयात घाई करण्याचे फर्मान कोणी काढलेले नाही. लहान वयात ठोकळे हाती द्यावेत ते नोकरीच्या आशेने नव्हे. चित्रकलेची पेटी देतो त्या भावनेने द्यावेत.

दुसरी गोष्ट, यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. लोगोची लाट जोरात असताना, १९८४ साली, न्यू यॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी असे दाखविले की, लोगो शिकलेली मुले इतर कामांची आखणी करण्यात न शिकलेल्या मुलांहून सरस ठरली नाहीत. पेपर्ट यांनी त्यावर प्रतिवाद केला: यंत्राने काय केले हा प्रश्नच चुकीचा आहे, कोणत्या वातावरणात, कोणत्या शिक्षकाच्या हाताखाली, कशासाठी ते वापरले, हे विचारावे. मला दोघांचेही पटते. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, आपल्याकडे 'क्लास' प्रकल्पातून ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांत आले. मी ज्या एका शाळेत तेव्हा होतो तेथे असे यंत्र कपाटात बंद राहिले. बिघडेल या भीतीने त्याला मुलांचा हात लागू दिला गेला नाही, आणि किल्ली मागण्याचे धैर्य मीही केले नाही. ती खंत अद्याप मनात आहे. जे यंत्र चुकावयास मुभा देते तेच चुकीच्या भयाने कुलपात ठेवले गेले.

म्हणून शिक्षकांना आणि आजी-आजोबांना माझी एकच विनंती आहे. बर्स यांनी क्रीडांगण आणि मुलाला बसवून ठेवण्याचे कुंपण यांतील भेद सांगितला आहे: कुंपणात मूल सुरक्षित असते पण त्याच्या मनासारखे काही नसते; क्रीडांगणात धोका थोडा असतो आणि मोकळीक पुष्कळ. तयार कोड्यांचे पाठ गिरवून घेणे हे कुंपण होय. मुलाने स्वतःचे कलते वृंदावन काढावे, स्वतःच्या मांजराला हुकूम द्यावेत, आणि ते भलतीकडे गेले म्हणजे आपण बोट आवरावे. हे बोट आवरणे हाच शिक्षकाच्या बाजूचा सारा अभ्यासक्रम आहे, आणि तो मला निवृत्तीनंतर शिकावा लागला.

६

जून उजाडला, शाळा उघडण्याचे दिवस आले, आणि नात पुण्यास परत जावयाची होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती टॅब घेऊन माझ्याजवळ आली. पडद्यावर नवे चित्र होते: खाली नदी आणि घाट, मागे डोंगर, आणि घाटावर पंख पसरलेली एक घार. तिने झेंड्यावर बोट ठेवले. घार निघाली, वर गेली, उजवीकडे वळली, खाली आली, डावीकडे वळली. आणि प्रत्येक फेरीगणिक एक एक घर उंच चढत, घिरट्या घालीत, थेट डोंगराच्या माथ्यावर गेली. दुपारच्या तापलेल्या आभाळात आमच्या घारी चढतात तशीच ती चढली.

मी ठोकळे पाहिले. वर पाच, उजवीकडे सहा, खाली चार, डावीकडे सहा. माझे बोट पुन्हा एकवार त्या चाराकडे निघाले असावे, कारण तिने माझा हात धरला.

"असू दे आजोबा," ती म्हणाली, "एक घर मुद्दामच कमी ठेवलंय."